हेराचा नारळ

साल २०२३. मला एकाहत्तर पुरी होऊन बहात्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तर घरी येऊन नेत म्हणून. घरात आम्ही आमच्या वाडीतल्या बोलीत बोलतो, पण ती कागदावर उतरवली तर माझी मलाच वाचता येत नाही. म्हणून शाळेत शिकलो तशी लिहितोय. चुका असतील. असू देत.

आमची वाडी उमेळ्याला. केळी, नारळ, थोडी पानवेल, मध्ये बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं आमचं तळं. तिन्ही बाजूंनी आता बिल्डिंगी उभ्या राहिल्या आहेत. सकाळी पाणी लावायला गेलो की चौथ्या मजल्यावरून कोणीतरी दात घासत माझ्याकडे बघत असतो. मी काही विकली नाही वाडी. हट्टी म्हणतात मला. आहे.

पण गावात मला ओळखतात ते वाडीमुळे नाही, हेरामुळे. मार्गशीर्षात देवीची जत्रा असते, आणि जत्रेला आमच्या गावचं नाटक. किल्ल्याचं नाटक आहे. वडिलांच्या पिढीतल्या कोणीतरी लिहिलेलं, छापलेलं नाही, तोंडातोंडी चालत आलेलं. त्यात एक हेर आहे. गोसावी बनून शत्रूच्या किल्ल्यात शिरतो आणि शेवटी आतून दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाज्यातला छोटा दरवाजा, उघडतो. राजापेक्षा टाळ्या त्याला जास्त. तो पार्ट मी लग्नाच्या आधीपासून करत आलो. पोरं रस्त्यात भेटली की "हेरआबा" म्हणत. मला ते नावापेक्षा गोड वाटायचं.

आमच्याकडे पार्ट कसा ठरतो ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. दसऱ्याला देवळात मंडळी जमते. नाटक बसवणारे मास्तर देवीपुढे उभे राहतात आणि एकेकाच्या हातात नारळ देतात. तोंडाने काही बोलत नाहीत. नारळ ज्याच्या हातात पडला, पार्ट त्याचा. मग त्याला ताप येवो, घरात लग्न निघो, पार्ट सुटत नाही आणि कोणी काढूनही घेत नाही. राणीचं काम करणाऱ्या एकाला कचेरीत मिशी काढून जायची लाज वाटली, तर तो मिशीवर पदर धरून अख्खं नाटक बोलला. पण बोलला. नारळ घेतला होता ना.

हे मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. माझ्याच वयाचे, गावात पिठाची गिरणी चालवतात. तरुणपणापासून नाटक तेच बसवतात, म्हणून मास्तर.

तर गणपती झाले आणि गावात पिच्चरवाले आले. हिंदीतल्या त्या हेराच्या पिच्चरचे, ज्याचे आधी दोन भाग येऊन गेले. पोरांच्या बनियनवर त्या हिरोचा फोटो असतो. त्या पिच्चरमध्ये हिरोला शिकवणारा एक म्हातारा हेर आहे. आधीच्या दोन्ही वेळा तो फक्त फोनवर बोलतो, तोंड दाखवलेलं नाही. आता तिसऱ्यात दाखवणार होते. कोण असेल तो, यावर आमच्या नाक्यावरसुद्धा पैजा लागलेल्या. आणि पिच्चरमध्ये तो म्हातारा काम सोडून एका वाडीत माळी बनून लपलेला असतो, म्हणून ते वाडी शोधत उमेळ्याला आले.

मी केळीची सुकलेली पानं काढत होतो. धोतर वर खोचलेलं, दाढी आठवडाभर न केलेली, हातात कोयता. डाव्या भुवईवर मला लहानपणची खूण आहे, तिथे केस येत नाहीत. डायरेक्टर, म्हणजे एक तरुण पोरगाच, बांधावर थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग सोबतच्याला म्हणाला, "अरे, ये देख! ये तो अपना बुढ्ढा है!"

त्याने मला चालायला सांगितलं. चाललो. मागे वळून बघायला सांगितलं. बघितलं, पण साधं नाही, गोसावी किल्ल्यात शिरताना बघतो तसं, मान न वळवता. तो टाळी वाजवून हसला. मोबाईलवर माझे फोटो काढले. समोरून, बाजूने, हाताचे, पायांचे, भुवईचासुद्धा.

पुढे देवळाच्या आवारात गावकऱ्यांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं. मी शेजारीच उभा होतो. त्याचा मोबाईल वाजला. त्याने हातातला नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, ये आप रखिए." आणि बोलत बोलत गाडीकडे निघून गेला.

आज कळतं, त्याच्या एका हातात शाल होती आणि दुसऱ्या हातात मोबाईल. नारळ धरायला तिसरा हात नव्हता. पण तेव्हा मी देवीसमोर उभा होतो, आणि पिच्चर बसवणाऱ्याने माझ्या हातात नारळ दिला होता. मी तिथेच देवीला नमस्कार केला.

घरी आलो. बायकोला सांगितलं. ती अळूची पानं चिरत होती.

"नारळ दिला म्हंजे?"

"म्हंजे पार्ट दिला."

"तोंडाने म्हणाला?"

"तोंडाने कोण म्हणतं? मास्तर म्हणतात तोंडाने?"

"अहो, तो आपल्या गावचा हाय का? त्याला काय म्हायती आपलं?" ती चिरता चिरता म्हणाली. "हात भरलेले असतील त्याचे. धरायला दिला असेल."

मी तिला नको ते बोललो. तुला काय कळतं, तू कधी स्टेजवर चढलीस, असलं. ती परत अळू चिरायला लागली. तिला कळलं होतं आणि मला नाही, एवढाच त्या भांडणाचा अर्थ. पण मी जेवण अर्धं टाकून नाक्यावर गेलो आणि पहिल्या चहाबरोबर सगळ्यांना सांगून टाकलं. फोनवरचा म्हातारा कोण, तर मी.

त्या दिवसापासून मी दाढी तशीच वाढू दिली. बाजारात हळू चालायला लागलो. मासेवालीने विचारलं, "आबा, हिरोला भेटलात का?" तर म्हणालो, "तोच भेटेल मला." हे मी म्हणालो. आज लिहिताना कान गरम होतात.

मग दसरा आला.

मंडळी देवळात जमली. मास्तर पहिला नारळ नेहमी हेराचा देतात, तसा त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही. म्हणालो, "यंदा जमायचं नाय."

"का रे?"

"पिच्चर हाय ना. एका वेळी दोन हेर कसे करू?"

"पिच्चरवाल्यांनी तारीख दिली?"

"देतील."

"मग आपलं मार्गशीर्षात हाय. दोन्ही होईल की. घे."

इथे थांबायचं होतं. नारळ घ्यायचा होता. पण सगळे बघत होते, आणि सगळे बघत असले की माझं काय होतं ते मलाच कळत नाही. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही पीठ दळता दळता नाटक बसवता. आमचं काम पिठातच गेलं. आता तरी मला जरा मोठ्या ठिकाणी जाऊ द्या."

कोणी हसलं नाही. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली. खरंच थोडं पीठ उडालं. मग त्यांनी टोपी परत घातली आणि माझ्यापुढचा नारळ उचलून मागे बसलेल्या बँकेतल्या साहेबांच्या हातात दिला.

हे साहेब एव्हरशाईन सिटीत, त्या नव्या बिल्डिंगींच्या वसाहतीत राहतात. बँकेतून रिटायर झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. काही वर्षांपासून तालमीला येऊन बसत, चहाचे कप गोळा करत, कुठला तरी एखादा पहारेकरी द्या म्हणत. मी त्यांना तोंडावर "लिफ्टवाले" म्हणायचो. स्टेजचा ओटा चढायला लिफ्ट लागेल तुम्हाला, असं. ते हसायचे. त्यांच्या हातात हेराचा नारळ पडला तेव्हा ते इतके घाबरले की उभेच राहिले नाहीत. बसल्या बसल्या नमस्कार केला.

पुढचे दिवस मी फोनची वाट बघण्यात घालवले. डायरेक्टरच्या सोबत्याचा नंबर माझ्याकडे होता. मीच लावायचो. "हां हां बाबा, आप ध्यान में हो," तो म्हणायचा. नंतर नंतर उचलेना. बायकोने पुन्हा तो विषय काढला नाही. फक्त एकदा म्हणाली, "दाढीला तेल लावा, खाजवता सारखे."

दिवाळी झाली आणि गाड्या आल्या. आमच्या बावखलाच्या कडेला जनरेटर, मोठे दिवे, थर्माकोलचे पांढरे पत्रे, चहाचं टेबल. शूटिंग माझ्याच वाडीत! वाडीचं भाडं देऊन गेले होते. पार्टासाठी मला बोलावणं आलं नव्हतं, पण वाडी माझी, मला कशाला बोलावतील, असं मी मनाशी धरलं. नवं धोतर नेसलो. उजाडल्यापासून बांधावर खुर्ची टाकून बसलो.

दहाच्या सुमाराला नाटकाची मंडळी आली. सगळी, झाडून. टेम्पो करून आणलेली बायकापोरं, बँकेतले साहेब आणि मास्तर. मास्तरांच्या हातात पिशवी, पिशवीत हार. माझ्यासाठी. देवळात मी त्यांना तसं बोललो होतो, आणि ते हार घेऊन आले होते.

"कधी हाय रे तुझं?" मास्तरांनी विचारलं.

"आता होईल."

तेवढ्यात नटांच्या मोठ्या व्हॅनचा दरवाजा उघडला आणि मी खाली उतरलो.

मीच उतरलो असं मला क्षणभर वाटलं. धोतर माझ्यासारखं वर खोचलेलं. दाढी फोटो काढले तेव्हा माझी होती तशी. खांदा माझ्यासारखाच एका बाजूला झुकलेला. हातात कोयता. डाव्या भुवईवर खूण, गोंदाने चिकटवलेली. मागून मेकअपवाला मोबाईल घेऊन धावत आला, स्क्रीनवर बघून त्याने ती खूण बोटाने जरा वर सरकवली. मोबाईलवर माझा फोटो होता. तो माणूस म्हणजे टीव्हीवर सासऱ्याची कामं करतो तो नट. तोंड ओळखीचं.

डायरेक्टर मला बघून खूश झाला. मनापासून खूश झाला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "अरे बाबा! देखो, आपको ही बना दिया!" असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मग वाकून बघितलं आणि म्हणाला, "बस ज़रा उधर बैठिए, फ्रेम में आ रहे हो."

माझी खुर्ची एका पोराने उचलून केळीच्या मागे नेऊन ठेवली. मी उभाच होतो. मंडळी माझ्याकडे बघत होती. एका बाईने पदर तोंडाला लावला. आता या वेळी खरं बोलणं अगदी सोपं होतं, एका वाक्यात झालं असतं. मी म्हणालो, "तो नकली हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे पिच्चरमध्ये. शत्रूला फसवायला हुबेहूब दुसरा उभा करतात. तो मरतो. खरा मी शेवटी येतो. माझं मुंबईला हाय, स्टुडिओत."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. बँकेतले साहेब हसले नाहीत. ते पायाखालच्या केळीच्या सुकलेल्या सोपटाकडे बघत होते. मला वाटतं, त्यांनी हसायला पाहिजे होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हसलो असतो.

मास्तर माझ्याकडे बघत होते. चाळीसएक वर्षं त्यांनी मला विंगेतून बघितलंय. कुठल्या वाक्याला माझी जीभ अडखळते, कुठे घाम येतो, सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी पिशवीतून हार काढला, माझ्या गळ्यात घातला आणि मंडळीकडे वळून म्हणाले, "बरोबर हाय. हेराचं असंच असतं. त्याचं काम आधी सांगायचं नसतं. चला, इथे गर्दी नको. टेम्पोवाला थांबलाय."

आणि सगळ्यांना घेऊन गेले. एकाने मागे वळून बघितलं तर त्याला खांद्याला धरून पुढे नेलं.

मी हार घालून केळीच्या मागे बसलो. हार काढावा तर कोणी बघेल, ठेवावा तर गळा जळत होता. मी ज्याला पिठातला माणूस म्हणालो त्याने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. रागावला असता, चारचौघांत सालटी काढली असती, तर मी उलट भांडलो असतो. भांडता येतं मला. हे मला येत नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो नट माझ्याकडे आला. ताट घेऊन शेजारच्या दगडावर बसला. मराठीच निघाला. माझी दाढी लावून, माझी खूण लावून माझ्या शेजारी बसलेला माणूस.

"दादा, तुम्ही गावात नाटक करता म्हणे. डायरेक्टर सांगत होता."

"करतो." मी करत नव्हतो त्या वर्षी, पण म्हणालो.

"मग तुमचं नावही होतं का हो या रोलला?"

मी गळ्यातला हार सरळ केला. तो भात कालवत म्हणाला, "विचारतो अशासाठी, की मी तिशीत असताना मला एका पिच्चरमध्ये हेराचा रोल जवळजवळ मिळाला होता. हिरो, दादा! कपडे मापाने शिवले होते. कोटाच्या आत बंदूक ठेवायला खिसा. घरी सांगितलं, सासरी सांगितलं. मग एक दिवस फोन आला की दुसऱ्याला घेतलं. कपडे त्याला आले. पिच्चर तुफान चालला. तो माझा कोट घालून धावतोय, आणि मी थेटरात बघतोय." तो हसला. "अजून टीव्हीवर लागला तर बायको चॅनल बदलते. तुमचं काय हुकलं?"

त्याने एवढं उघडं करून सांगितलं होतं. मी म्हणालो, "माझं काय हुकायचंय? वाडी माझी आहे, म्हणून बसलोय."

त्याने माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं. ताटातला एक लाडू माझ्याकडे सरकवला. मी घेतला नाही. त्याला बोलावणं आलं तसा तो उठला, खांदा एका बाजूला झुकवला आणि माझ्या चालीने चालत गेला. चांगला चालत होता. मला त्यात खोट काढता आली नाही.

संध्याकाळी घरी आलो तर बायकोने हार बघितला. गावातून तिला सगळं कळलेलं होतं, ते तिच्या वाढण्यावरून कळत होतं. आमच्या घरी रागाच्या दिवशी भाकरी लांबून येते. त्या दिवशी तिने जवळ बसून वाढली.

देवळातून तालमीचा आवाज येत होता. रात्री दहानंतर भोंगा लावायला बंदी, म्हणून हल्ली दिवेलागणीलाच सुरू करतात. बँकेतले साहेब हेराचं बोलत होते, शेवटच्या प्रवेशातलं. "दिंडी आतून उघडी आहे, महाराज." मी घास हातात धरून ऐकत राहिलो. माझी अपेक्षा होती, नव्हे, इच्छा होती, की ते अडखळावेत. नाही अडखळले. माझ्यासारखे गरजत नव्हते. हळू बोलत होते, चोरासारखे, आणि हेर हळूच बोलेल की. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. टाळ्या पडल्या.

"चांगलं बोलतात," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "तुमच्याइतकं नाय."

"अगं, चांगलं बोलतात," मी म्हणालो. तेवढंच त्या दिवशी माझ्या तोंडून खरं निघालं.

पडलो, पण सारखं मास्तरांचं वाक्य डोक्यात. त्याचं काम आधी सांगायचं नसतं. उद्या कोणी त्यांना विचारेल, परवा विचारेल, पिच्चर लागला की अख्खा गाव विचारेल, आणि प्रत्येक वेळी त्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. देवळात नारळ देणारा माणूस. त्याच्या तोंडून कधी वाकडा शब्द गेला नाही, म्हणून तर आम्ही त्याच्या हातचा नारळ घेत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता गिरणीवर गेलो. दळणाला बायकांची रांग. पट्टा फिरत होता, आवाज एवढा की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. मास्तर धान्य टाकायच्या तोंडाशी उभे, पापण्यांपर्यंत पांढरे. मी जवळ जाऊन म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणालो. त्यांनी कानाला हात लावला. मग मी सगळा दम एकवटून ओरडलो, आणि त्याच वेळी त्यांनी खटका ओढून गिरणी बंद केली.

"मी पिच्चरमध्ये नाय!"

रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. बाहेर सायकलवर थांबलेला पाववालासुद्धा.

परत हळू बोलायचं काही उरलंच नव्हतं. "कधीच नव्हतो," मी म्हणालो. "मला कोणी घेतलंच नव्हतं. नकलीबिकली काय नाय. तोच खरा. मी खोटं बोललो, आणि देवळात तुम्हाला बोललो तेही वाईट बोललो."

मास्तरांनी टोपीने तोंड पुसलं. "म्हायती हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला म्हायती हाय. यांना सांगतोय."

"आम्हालापण म्हायती हाय, आबा," रांगेतली एक म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. या वेळी पदर न लावता हसल्या. लागलं, पण केळीच्या मागे लागलं होतं तसं नाही.

"पार्ट मागू नको," मास्तर म्हणाले. "तो साहेबांचा हाय."

"नाय मागत. त्यांचाच राहू दे."

"मग उभा का? या म्हातारीचा दळणाचा डबा झालाय, तिला उचलत नाय. पोचव जा."

मी डबा खांद्यावर घेतला. गरम होता. पीठ मानेवर सांडत होतं. म्हातारी काठी टेकत पुढे आणि मी मागे. रस्त्यात ज्याने ज्याने विचारलं, "काय आबा, शूटिंगला नाय गेलात?" त्याला थांबून सांगत गेलो. पहिल्या घरापाशी आवाज चिरकला. म्हातारी वैतागली. "अरे, चल की लवकर, भाकऱ्या व्हायच्यात माझ्या," म्हणाली. तरी मी प्रत्येक दाराशी थांबलो.